भाच्याने थ्रीडीएस फॉरमॅट केला, २०१८ चा नँड बॅकअप (आतल्या मेमरीची प्रत) आहे. तसाच परत टाकू का?

मुलुंड_फास्ट

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती दिली की "आधी हे सांगा, मग ते सांगा" सुरू होतं, म्हणून सगळं एकदाच लिहिते. लांब झालंय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे निंटेंडो थ्रीडीएस एक्सएल आहे, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र. "न्यू" नव्हे, आधीचा, निळा. दिरांनी न्यू जर्सीहून आणला होता, म्हणजे अमेरिकी पीस. घरात खेळणारी मी एकटीच आणि माझं खेळणं सगळं लोकलमध्ये. सकाळी मुलुंडला चढायलाच मिळतं हेच पुष्कळ. संध्याकाळी सीएसएमटीला खिडकी मिळाली की यंत्र बाहेर निघतं. बायकांच्या डब्यात आता सगळ्यांना माहीत आहे, कोणी वळून बघत नाही.

युरोपातून आलेली दोन कार्ट्रिज अमेरिकी पीसवर चालत नव्हती, म्हणून २०१८ मध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून यंत्र मॉड करून घेतलं. लुमा नावाचं कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर टाकलंय एवढं मला कळलं. दुकानदाराने एक पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाला, "मॅडम, हा नँडचा बॅकअप, सोन्यासारखा जपा." मी तो लॅपटॉपवर कॉपी करून ठेवला. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात, त्यामुळे त्याला विचारायची सोय नाही.

तर मे महिन्यात भाचा राहायला आला होता. फोटो उतरवायचे म्हणून एसडी कार्ड माझ्या लॅपटॉपमध्ये होतं आणि कार्डाशिवायचं यंत्र त्याच्या हातात. साहेब सिस्टिम सेटिंग्जमध्ये शिरले आणि "फॉरमॅट सिस्टिम मेमरी" करून मोकळे झाले. वर मला सांगतो, "मावशी, आता एकदम फास्ट झालाय."

आता कार्ड घातलं की होम मेनू कोरा. कार्ड लॅपटॉपला लावलं की सगळा डेटा जागेवर दिसतो, एक बाइट कमी झालेला नाही. फक्त "निंटेंडो थ्रीडीएस" या फोल्डरात आधी लांबलचक नावाचा एकच फोल्डर होता, आता तसे दोन आहेत. नवा जवळजवळ रिकामा.

मला परत हवं आहे ते मुख्यतः अ‍ॅनिमल क्रॉसिंग न्यू लीफमधलं माझं गाव. ई-शॉपवरून, म्हणजे निंटेंडोच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेलं आहे, कार्ट्रिज नाही. गावाचं नाव देवरुख, २०१४ पासून वसवलंय. बाकीचे खेळ गेले तर हळहळ वाटेल, देवरुख गेलं तर भाच्याशी संबंध तोडावे लागतील.

जुन्या फोल्डरातला माल नव्यात हलवला तर चालेल का? की २०१८ चा बॅकअप सरळ परत टाकू? टाकला तर २०१८ नंतरच्या खेळाचं काय होईल? आणि यात यंत्र कायमचं मरण्याची शक्यता किती, तेही खरंखरं सांगा.

कोपऱ्यातली_सीट

ताई, अख्खा नँड परत टाकायची गरज नाही. फॉरमॅट केल्यावर मूव्हेबल डॉट सेड नावाची किल्लीची फाइल बदलते आणि त्या फोल्डरचं नाव तिच्यावरूनच ठरतं. म्हणून यंत्राला जुना फोल्डर आपला वाटत नाही. गॉडमोड९ (यंत्राच्या आतल्या फाइली हाताळायचा प्रोग्रॅम) मध्ये बॅकअपची बिन फाइल माउंट करा, म्हणजे उघडा, त्यातली मूव्हेबल उचला, सध्याच्या नँडमध्ये तिच्या जागी ठेवा, रीस्टार्ट करा. पाच मिनिटांचं काम.

फोल्डरातला माल मात्र हलवू नका. ते एन्क्रिप्टेड असतं, नव्या किल्लीने उघडणार नाही.

सोल्डरचा_धूर

मुलुंडताई, थांबा. पाच मिनिटांचं काम करायला बसू नका.

मी दादरला बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. फोन जास्त, पण थ्रीडीएस, व्हीटा अधूनमधून येतात आणि त्यातले बरेचसे असलं पाच मिनिटांचं काम करूनच आलेले असतात. कोपऱ्यातल्या सीटवाल्यांनी कारण अगदी बरोबर सांगितलं, उपाय अर्धा सांगितला. फॉरमॅटने मूव्हेबल बदलते, ती बदलली की ३२ अक्षरांचं फोल्डरचं नाव बदलतं, हे खरं. पण यंत्राच्या आतल्या मेमरीतही डेटाचा एक फोल्डर असतो आणि त्याचंही नाव त्याच किल्लीवरून निघतं. नुसती मूव्हेबल बदलली तर कार्डाशी नातं जुळेल आणि आतल्या फोल्डराशी तुटेल. मग सिस्टिमला स्वतःचीच सेव्ह सापडत नाही.

दुसरं म्हणजे तिकिटं. थ्रीडीएसमध्ये प्रत्येक डिजिटल खेळाचं एक तिकीट असतं आणि ते कार्डावर नसतं, आतल्या मेमरीत असतं. भाच्याने फॉरमॅट केलं तेव्हा तिकिटं गेली. म्हणजे गाडी फलाटावर उभी आहे आणि पास घरी राहिलाय. मूव्हेबल आणलीत तरी देवरुख मेनूवर दिसणार नाही. तुमच्या बाबतीत पूर्ण बॅकअप परत टाकणं हाच सरळ मार्ग आहे. एरवी मी लोकांना त्यापासून परावृत्त करतो. कुणाचा खेळ अडकतो, कुणाचा होम मेनू काळा होतो आणि लगेच नँड रिस्टोअर करायला धावतात, तेव्हा दहातल्या नऊ वेळा गडबड कार्डात किंवा थीममध्ये असते. तुमच्याकडे मात्र नेमकं तेच गेलंय जे फक्त बॅकअपमध्ये आहे.

नशीब दोनदा तुमच्या बाजूने आहे. कार्ड बाहेर होतं, नाहीतर फॉरमॅटने तिकडेही हात मारला असता. आणि यंत्र कार्डाशिवाय चालू झालं, याचा अर्थ दुकानदाराने लुमाची एक प्रत आतल्या मेमरीतही ठेवली होती. ती नसती तर कार्डाशिवाय पडदा उजळलाच नसता आणि भाच्याला फॉरमॅट करताच आलं नसतं, हे वेगळं. माणूस काम नीट करणारा होता असं दिसतं.

आता मला तीन गोष्टी सांगा. पेन ड्राइव्हवर नेमक्या कोणत्या फाइली आहेत, त्यांची पूर्ण नावं काय आणि आकार किती. गॉडमोड९ ने घेतलेल्या बॅकअपच्या नावात आधी तारीख, मग यंत्राचा सीरियल नंबर, मग सिसनँड आणि आकडे असं असतं. तो सीरियल यंत्राच्या पाठीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. हे बघितल्याशिवाय पुढे काही करू नका. एका यंत्राचा बॅकअप दुसऱ्याला चालत नाही. आतली मेमरी ज्या किल्ल्यांनी कुलूपबंद होते त्या कारखान्यातच प्रत्येक प्रोसेसरमध्ये वेगळ्या कोरलेल्या असतात. शेजारच्याचा त्याच रंगाचा एक्सएल असला तरी त्याचा नँड तुमच्या यंत्राला निव्वळ कचरा वाटतो.

तोवर यंत्र बंद ठेवा आणि कार्ड लॅपटॉपला लावून अख्खं, एकूण एक फाइल, वेगळ्या फोल्डरात उतरवून घ्या. नवा रिकामा फोल्डर आत्ता उडवू नका. कशाचंही नाव बदलू नका.

आणि एक भलतंच विचारतो. चार्जर कोणता वापरता? अमेरिकी थ्रीडीएसचा मूळ चार्जर फक्त १२० व्होल्टचा असतो, तो आपल्याकडच्या २३० मध्ये घातला की संपला. तुम्ही इतकी वर्षं खेळताय म्हणजे काहीतरी सोय असेल, पण रिस्टोअरच्या वेळी बॅटरी भरलेली हवी, म्हणून विचारून ठेवलं.

मुलुंड_फास्ट

चार्जरचं ठीक आहे, यूएसबीची वायर आहे. मूळचा चार्जर दिरांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर खोक्यात परत टाकला होता, "वहिनी, याला हात लावायचा नाही" असं सांगून.

पेन ड्राइव्ह उघडला आणि चक्रावले. बिन फाइली दोन आहेत! मी इतकी वर्षं आत डोकावलेच नव्हते.

पहिलीचं नाव १८०६०९, मग एसडब्ल्यूने सुरू होणारा नंबर, मग सिसनँड ०००. विंडोजमध्ये आकार ९,६५,६३२ केबी. दुसरीची तारीख दोन दिवस आधीची, नंबर सीडब्ल्यूने सुरू होतो, आकार ९,७६,८९६ केबी. दोघींच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी एसएचए असलेली एवढीशी फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चित्रविचित्र चिन्हं.

माझ्या यंत्राच्या पाठीवर एसडब्ल्यू आहे आणि पुढचे आकडे पहिल्या फाइलशी जुळतात, चष्मा लावून दोनदा बघितले. मग दुसरी कोणाची? आकार वेगळा का? आणि बॅकअप दुकानदाराने मॉड करण्याआधी घेतला की नंतर, हे मला कसं कळणार? कुठेतरी वाचलं की आधीचा बॅकअप टाकला तर मॉड उडतं आणि मग सगळंच अडतं.

सोल्डरचा_धूर

दुसरी फाइल त्या दुकानाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची. सीडब्ल्यू म्हणजे अमेरिकी पीसच, पण एक्सएल नव्हे, लहान थ्रीडीएस. आकार वेगळा, कारण जुन्या थ्रीडीएसमध्ये मेमरीची चिप दोन वेगळ्या कंपन्यांची येते. एकीचा बॅकअप ९४३ एमबी भरतो, दुसरीचा ९५४. दोन्ही आकार रास्त आहेत. न्यू थ्रीडीएसचा असता तर १,२४० एमबी किंवा त्याहून मोठा असता. ती फाइल तुमच्या काही कामाची नाही, त्यात त्या माणसाचा खासगी डेटा आहे, पुसून टाका. त्याच्या पेन ड्राइव्हवर तुमचीही असणार म्हणा.

मॉडच्या आधीचा की नंतरचा, हा प्रश्न फार चांगला विचारलात. उत्तर असं की तुम्ही योग्य वाटेने गेलात तर फरक पडत नाही. मॉडचा गाभा म्हणजे बूट९स्ट्रॅप. तो नँडच्या फर्म नावाच्या भागांत बसलेला असतो. गॉडमोड९ मध्ये रिस्टोअरचा जो "सेफ" पर्याय आहे, तो त्या भागांना हातच लावत नाही, बाकीचं तेवढं लिहितो. शिवाय फाइल याच यंत्राची आणि धडधाकट आहे का ते आधी तपासतो, नसेल तर तिथेच इशारा देतो. लोकांची यंत्रं मरतात ती हा पर्याय सोडून बॅकअप जसाच्या तसा ओतल्यामुळे. मॉडच्या आधीचा बॅकअप असा ओतला की बूट९स्ट्रॅप गेला. तेव्हा यंत्र मरण्याची शक्यता किती, याचं उत्तर: सेफ पर्याय, तपासलेली फाइल आणि भरलेली बॅटरी असेल तर मला काळजी वाटत नाही.

आता क्रम. लॅपटॉपवर लुमा आणि गॉडमोड९ दोन्हींच्या ताज्या आवृत्त्या उतरवा. लुमाची बूट डॉट फर्म कार्डाच्या मुळाशी, जुनीच्या जागी. गॉडमोड९ ची फर्म फाइल लुमाच्या पेलोड्स फोल्डरात आणि त्याच्या झिपमधला जीएम९ फोल्डर कार्डाच्या मुळाशी. २०१८ च्या आवृत्त्यांवर हे काम करू नका.

कार्डावर दोनेक जीबी मोकळी हवी. जागा नसेल तर फोटो, व्हिडिओ हलवा, पण निंटेंडो थ्रीडीएस फोल्डराला हात नको. तुमची एसडब्ल्यूवाली बिन आणि तिची एसएचए, दोन्ही जीएम९ मधल्या आउट फोल्डरात ठेवा. नाव बदलू नका. त्या एसएचए फाइलमध्ये बॅकअपची ओळखखूण असते, ती माणसाने वाचायची नसतेच, म्हणून नोटपॅडमध्ये गिचमिड दिसते.

यंत्र बंद असताना स्टार्ट दाबून धरा आणि पॉवर द्या, गॉडमोड९ उघडेल. पहिलं काम, आउट फोल्डरात जाऊन बिन फाइलवर ए दाबा आणि एसएचए-२५६ काढायला सांगा. शेजारी एसएचए फाइल असली की जुळलं की नाही ते तोच सांगतो. नाही जुळलं तर तिथेच थांबा आणि मला लिहा. पेन ड्राइव्हवरची मूळ प्रत वेगळी तपासू. आठ वर्षं मुंबईच्या दमट हवेत पडलेले पेन ड्राइव्ह मी बघितलेत.

दुसरं काम, आत्ताच्या, फॉरमॅट झालेल्या नँडचाही बॅकअप घ्या. होम बटण, स्क्रिप्ट्स, मेगास्क्रिप्ट, बॅकअप ऑप्शन्स, सिसनँड बॅकअप. लोक इथे हसतात, "रिकाम्याचा कशाला बॅकअप?" रिकामं असलं तरी चालू आहे ना. बिनसलं तर निदान आजच्या जागी परत येता येतं. हा बॅकअप लॅपटॉपवर उतरवल्याशिवाय पुढचं पाऊल नाही.

मग त्याच मेगास्क्रिप्टमध्ये रिस्टोअर ऑप्शन्स, त्यात सिसनँड रिस्टोअर, कंसात सेफ लिहिलेलं. तुमची २०१८ ची फाइल निवडा. बटणांचा एक क्रम दाबायला सांगेल, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ती सोय आहे, पडद्यावर बघून शांतपणे दाबा. पट्टी भरत जाईल. त्या वेळात यंत्र टेबलावर. कार्ड काढायचं नाही, झाकण मिटायचं नाही, भाच्याला खोलीत घ्यायचं नाही.

सुरू झालं की २०१८ मधलं यंत्र समोर येईल. वायफायची जुनी नावं, "मी" नावाचे जुने कार्टून बाहुले, अ‍ॅक्टिव्हिटी लॉग तेव्हापर्यंतचाच, चालून मिळणारी प्ले कॉइन्सही तेव्हाचीच. हे सगळं आतल्या मेमरीत राहतं, त्यामुळे २०१८ नंतरचं गेलं ते गेलं. खेळांच्या सेव्ह मात्र कार्डावर आहेत, त्या आजच्याच असतील.

आणि इथेच देवरुखची मेख आहे, नीट वाचा. न्यू लीफ, पोकेमॉन एक्स-वाय असे काही खेळ जुनी सेव्ह परत टाकून फसवाफसवी होऊ नये म्हणून दर सेव्हच्या वेळी एक गुप्त आकडा आतल्या मेमरीत लिहून ठेवतात. सेव्हमधला आकडा आणि मेमरीतला आकडा जुळला नाही तर खेळ म्हणतो, सेव्ह खराब आहे. तुमची सेव्ह आजची, मेमरी २०१८ ची. जुळणार नाही. म्हणून रिस्टोअरनंतर न्यू लीफ उघडायचं नाही. आधी चेकपॉइंट नावाचं होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेला प्रोग्रॅम) चालवा, त्यात न्यू लीफच्या सेव्हचा बॅकअप घ्या आणि तोच बॅकअप लगेच त्याच खेळात परत टाका. चेकपॉइंट परत टाकताना मेमरीतला जुना आकडा पुसतो, मग खेळ कुरकुर करत नाही. घाईघाईत खेळ उघडलात आणि त्याने "सेव्ह खराब आहे, पुसू का?" विचारलं तर हो म्हणायचं नाही, पॉवर बंद करायची.

परळचा_चुंबक

धूरभाऊंनी सगळं लिहिलंय, पण ताईंनी "कायमचं मरेल का" विचारलं होतं, त्याचा दुसरा भाग मी सांगतो.

समजा सगळं बिघडलं. बूट९स्ट्रॅपही गेला आणि चालू केल्यावर निळा पडदा, त्यावर नुसते आकडे. तरी थ्रीडीएस मेलेला नसतो. यंत्राचा सर्वांत पहिला प्रोग्रॅम, बूटरॉम, चिपमध्येच कोरलेला आहे, तो पुसला जात नाही आणि निंटेंडोला अपडेटने बदलताही येत नाही. त्यात कारखान्याने दुरुस्तीसाठी ठेवलेली एक वाट आहे: ठरावीक बटणं दाबून, झाकण मिटलेलं असताना चालू केलं तर तो कार्ट्रिजवरून सुरू होतो. पण झाकण मिटलं तर बटणं कशी दाबणार? म्हणून चुंबक. झाकण मिटलंय की नाही हे यंत्र चुंबकानेच ओळखतं. चालू यंत्रावर छोटा चुंबक फिरवायचा, जिथे दोन्ही पडदे विझतात ती जागा लक्षात ठेवायची. मग बंद करून चुंबक त्याच जागी ठेवायचा आणि स्टार्ट, सिलेक्ट, एक्स आणि पॉवर एकदम. २डीएसला झाकण नाही, झोपवायची सरकपट्टी आहे, तिथे चुंबकाचीही गरज नाही. याला एनटीआरबूट म्हणतात, २०१७ पासून सगळ्यांना खुलं आहे.

अट एकच, डीएसचं योग्य फ्लॅशकार्ट (आपल्याला हवं ते लिहिता येणारं कार्ट्रिज) हवं, आधी त्यासाठी तयार केलेलं. अकेकार्ड २आय किंवा आर४आय गोल्ड थ्रीडीएससारखं. लॅमिंग्टन रोडला आर४ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं नकलेची नक्कल असतं, वरचं स्टिकर बघून घेऊ नका. माझ्याकडे एक चालणारं आहे, वेळ आलीच तर परळ स्टेशनला भेटू. चुंबक माझा, फ्रिजवरचा, गणपतीचा आहे.

सोल्डरचा_धूर

चुंबकरावांचं बरोबर. त्याच्याही पलीकडे माझ्यासारखे आहेत: बोर्ड उघडून मेमरीच्या कमांड, क्लॉक, डेटा आणि ग्राउंडला केसाएवढ्या वायरी लावायच्या आणि ती मेमरी कार्ड रीडरमधून थेट संगणकाला जोडायची. पण त्यासाठीही तो ९४३ एमबीचा बॅकअपच लागतो. ज्यांच्याकडे तो नसतो त्यांना मी नाही म्हणतो. ताई, तुमची ती फाइल आजच अजून कुठेतरी ठेवा.

मुलुंड_फास्ट

झालं!

शनिवारी दुपारी बसले, भाचा पुण्याला. एसएचए जुळलं. आत्ताचा बॅकअप घेऊन लॅपटॉपवर उतरवला, मग सेफ रिस्टोअर. पट्टी भरेपर्यंत मी भांडी घासून आले, समोर बसवत नव्हतं. सुरू झालं तेव्हा वायफायमध्ये आमच्या जुन्या भाड्याच्या जागेचं नाव, आणि प्ले कॉइन्स पूर्ण ३००! त्या काळात मी सीएसएमटीहून फोर्टला चालत ऑफिसला जायचे, दिवसाला जास्तीत जास्त दहा मिळतात, ती साठवलेली दिसतात. म्हणजे थोडा फायदाच झाला.

न्यू लीफ मेनूवर आलं. हात शिवशिवत होते, पण उघडलं नाही. चेकपॉइंटचं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, मग उघडलं. देवरुख आहे. गवत कमरेएवढं वाढलंय आणि एक रहिवासी सोडून गेलाय, पण गाव आहे. रात्री भाच्याला फोन करून सांगितलं, "ये दिवाळीला."

दोन गोष्टी राहिल्या. २०२० मध्ये ई-शॉपवरून घेतलेले दोन खेळ मेनूवर नाहीत, कार्डावर त्यांची जागा मात्र व्यापलेली दिसते. आणि सिस्टिम आता अपडेट मागते आहे. करू का?

सोल्डरचा_धूर

वा! दोन खेळांचं कारण तेच, तिकीट. ते २०२० चे, बॅकअप २०१८ चा, त्यामुळे खेळ कार्डावर असूनही मेमरीत तिकीट नाही. फेकटिक नावाचं छोटं होमब्रू आहे, एकदा चालवा. कार्डावर जे खेळ आहेत पण ज्यांची तिकिटं नाहीत त्यांची ते भरून काढतं. पुन्हा चालू केल्यावर गिफ्टच्या खोक्यासारखे आयकॉन दिसतील. सेव्ह जागेवरच असतील.

विकत घेतलेले असल्यामुळे ई-शॉपवरून पुन्हा उतरवणं हा दुसरा मार्ग. नवी खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली, पण आधी घेतलेलं उतरवता येतं. मात्र त्यासाठी सिस्टिम अपडेट लागेल, आणि आधी फेकटिक करून बघणं सोपं.

अपडेट करायला हरकत नाही. लुमा ताजं टाकलंयत, सिस्टिमच्या ११.१७ आवृत्तीला अडचण येत नाही. फक्त अपडेटच्या आधी आजच्या चालू स्थितीचा नवा नँड बॅकअप घ्या आणि यापुढे २०१८ चा नव्हे, तोच कामाचा समजा. खेळ नीट दिसू लागले की कार्डावरचा तो जवळजवळ रिकामा दुसरा फोल्डर उडवा. आधी खात्री करा की उडवताय तो नवा आहे. आकार बघून कळेल, जुना काही जीबींचा असेल.

कोपऱ्यातली_सीट

आतल्या फोल्डराचं माझ्या डोक्यात नव्हतं, धूरभाऊ. ताई, अभिनंदन. जाता जाता एकच: कार्ड स्वतः किती जुनं आहे? लॅमिंग्टन रोडचं असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने एकदा तपासा. ६४ जीबी लिहिलेली आणि आत ८ जीबी असलेली कार्डं मी स्वतः हातात धरली आहेत. डेटा लॅपटॉपवर उतरवून मग तपासा, ती चाचणी मोकळी जागा पूर्ण भरते.

मुलुंड_फास्ट

फेकटिक चाललं, दोन्ही खेळ आले. कार्ड त्याच दुकानातलं, ३२ जीबीचं. चाचणी रात्रभर लावून ठेवली होती, सकाळी "विदाउट एरर्स" लिहून आलं. नवा बॅकअप लॅपटॉपवर आणि दिरांकडे, दोन्हीकडे गेला. आता अपडेटला लावलाय.